वाचक विचारतात : आजी रंगूनचं नावच काढत नाही

प्रश्न : माझी आजी आठ वर्षांची असताना, 1942 साली, घरच्यांबरोबर ब्रह्मदेशातल्या (आजच्या म्यानमारमधल्या) रंगूनहून निघून पायी हिंदुस्थानात आली. धाकटा भाऊ वाटेत गेला, एवढंच आम्हाला माहीत. बाबांनाही तिने याहून जास्त कधी सांगितलं नाही. आता तिला विचारावं का? कसं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : विचारा, पण ‘तिकडे काय झालं?’ असं नको. तो प्रश्न सरळ भावापाशी जाऊन थांबतो. त्या वाटांवर कॉलऱ्याने गेलेल्या कित्येकांना अग्नीही मिळाला नाही, आणि घरोघरी विषय मिटला तो बहुधा तिथेच. वस्तूंपासून सुरुवात करा. सोबत कोणतं भांडं होतं? भात कशात शिजवायचा? पायात काय होतं? कडेवर कोण होतं, हे तिचं ती सांगेल.

वेळ दुपारच्या झोपेनंतरची, बोलणं अर्ध्या तासाच्या आत. रेकॉर्डिंग लावलेला फोन फ्लाइट मोडवर, घडी घातलेल्या पंच्यावर, तिच्यापासून हातभर. पंखा बंद, नाहीतर घरघरीत तिचा हळू आवाज बुडतो. खोलीत तुम्ही एकटेच बसा. सगळ्यात मोठा घोळ होतो तो इथे : मुलगा मध्येच म्हणतो, ‘आई, ते मणिपूर असेल’, आणि पुढच्या खेपेला आईही मणिपूरच सांगते. तिची स्वतःची आठवण कायमची गेली. चूक वाटली तरी टोकू नका. तिने विषय बदलला की फोन बंद करा, चहा ठेवा, आणि आठवडाभर तो प्रश्न काढू नका.

तारखांऐवजी सण विचारा. रंगूनवर पहिले बॉम्ब 23 डिसेंबर 1941 ला पडले, शहर 8 मार्च 1942 ला जपान्यांच्या हाती गेलं. संक्रांत घरी झाली का, होळी वाटेत आली का, एवढ्यावर निघाल्याचा महिना ठरतो. धूळ आणि पाण्यासाठी तडफड आठवली तर प्रोमहून अराकान किनाऱ्यावरच्या तौंगुपकडे जाणारी डोंगरवाट असावी. संततधार, जळवा, गुडघाभर चिखल आठवला तर मे महिन्यानंतरची, उत्तर ब्रह्मदेशातल्या हुकाँग खोऱ्यातून आसामातल्या लेडोला उतरणारी. शेवटी दिमापूरला आगगाडी मिळाली असेल तर मणिपुरातून येणारी तामू-इंफाळची.

भावाचं नाव तिला घेववत नसेल, तर रामकुंडावर तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय, म्हणजे तीर्थावरचे पुरोहित, शोधा. घरच्यांनी परतल्यावर तिथे श्राद्ध केलं असेल, तर त्यांच्याकडच्या नामावळीच्या, म्हणजे घराण्यांच्या नोंदींच्या, वहीत मयताचं नाव आणि लिहून देणाऱ्याची सहीसुद्धा सापडू शकते. आजचा पत्ता तिथे कामाचा नाही; मूळ गाव, आडनाव आणि पणजोबांचं नाव लिहून न्या. पितृपक्षात जाऊ नका, त्यांना मान वर करायला फुरसत नसते. नोंद मिळाली तरी ती तडक आजीपुढे धरू नका. आधी बाबांना वाचू द्या.