क्राउन ट्यूबला भोक नेमकं किती?

प्रश्न: घड्याळाची केस स्वतः डिझाइन करतोय. २.५ मिमीची क्राउन ट्यूब (क्राउन म्हणजे चावी, तिची दांडी ज्यातून आत जाते ती केसमधली बारीक नळी) घेतलीय, मग भोकही २.५चंच पाडू का? आणि ट्यूब नुसती दाबून बसवली तर चालेल का?

उत्तर: आधी ट्यूब मायक्रोमीटरने मोजा, पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. आणि बाहेरचा व्यास दोन ठिकाणी बघा, केसमध्ये जाणारा भाग वेगळा आणि क्राउनच्या आत ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) ज्याच्यावर सरकते तो वेगळा असू शकतो. प्रेस-फिट, म्हणजे नुसती दाबून बसवायची असेल तर भोक ट्यूबपेक्षा ०.०१ ते ०.०२ मिमी लहान हवं, म्हणून ड्रिल जरा कमी मापाचं घ्यायचं आणि शेवटचं माप रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) काढायचं, कारण नुसत्या ड्रिलने भोक हमखास मोठं किंवा वाकडं होतं. दाबताना आतून बरोबर मापाची पिन घाला, नाहीतर ट्यूब चेपते आणि स्टेम (क्राउनची दांडी) घासायला लागतो. सैल झालीच तर रिटेनिंग कंपाउंड (धातूचे भाग घट्ट धरणारा गोंद) लावा, पण थेंबभरच, आत ओघळलं तर मुव्हमेंटची (घड्याळाच्या आतल्या यंत्राची) वाट लागेल.

खरी गोची मात्र उंचीची असते बरं का. भोकाचा मध्य मुव्हमेंटच्या डेटाशीटमधल्या स्टेमच्या उंचीवरच आला पाहिजे, तिथे चुकलं तर क्राउन जड फिरणार आणि ट्यूब कितीही छान बसवलेली असली तरी काही उपयोग नाही.