तोंड आवळलेला निळा बटवा

प्रश्न : स्लोव्हेनियाच्या ज्युलियन आल्प्समध्ये खडकाच्या भेगेत फिकट निळी, पेरभर लांबीची फुलं दिसली. सगळ्यांची तोंडं मिटलेली. चार दिवसांनी पुन्हा पाहिली, तरी तशीच! कळ्याच होत्या का?

उत्तर : नाही हो, ती उमललेलीच फुलं. ही कॅम्पॅन्युला झोइसी, घंटाफुलांपैकीच एक. नाव अठराव्या शतकातल्या कार्ल झोइस या वनस्पती-अभ्यासकावरून. इतर घंटाफुलांचं तोंड उघडं असतं, हिची नळी मात्र टोकाशी आवळते आणि पाच पाकळ्या आत झुकून चांदणी करतात. मला तर आजीचा सुपारीचा बटवाच आठवतो, नाडी ओढलेला. भिंगातून पाहताना मीही आधी फसलो होतो.

या कुळाची खरी गंमत आत आहे. कळीतच परागकोश फुटतात, पराग केसाळ कुक्षीवृंतावर, म्हणजे फुलाच्या मधल्या मादी दांड्यावर, बसतात. त्या दांड्याच्या शेंड्यावरच्या, पराग झेलणाऱ्या कुक्षीची तीन टोकं नंतर उलगडतात. आधी नर, मग मादी.

रोप जेमतेम बोटभर, चुनखडीच्या भेगांतलं. कुंडीत लावायचा मोह आवरा. आपला उन्हाळा त्याला झेपणार नाही, आणि युरोपातल्या बागांतसुद्धा शंख नसलेल्या गोगलगायी ते एका रात्रीत फस्त करतात.