बोवीच्या पर्वांची तुलना करण्याआधी आवृत्त्या जुळवा

तुम्ही लिहिलंय की ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचे १९७२ ते १९८३ मधले अल्बम क्रमाने ऐकले. त्यात ‘लेट्स डान्स’ सर्वांत भरदार वाटला, ‘झिगी स्टारडस्ट’ पातळ आणि ‘लो’ कोंदट. म्हणून ग्लॅम रॉकच्या (भडक पोशाख-रंगभूषेच्या रॉकच्या) काळातला बोवी मुळात कच्चाच होता का, असा तुमचा प्रश्न आहे. मीही एकेकाळी नेमका याच निष्कर्षावर पोचलो होतो आणि तो साफ चुकीचा निघाला. झिगी हे बोवीने घेतलेलं पात्र कोण, त्याचे केस लाल का, बोवी बर्लिनला का गेला, हे तुम्हाला ठाऊक असणार. ते सोडून देतो.

तुमची यादी पुन्हा बघा. ‘झिगी’ १९९९ च्या सीडीवरून, ‘लो’ १९९१ च्या, ‘हीरोज’ २०१७ च्या संचातून आणि ‘लेट्स डान्स’ हे शीर्षकगीत गाजलेल्या गाण्यांच्या संकलनातून. गडबड इथेच आहे. यात बोवीची पर्वं बाजूलाच राहिली आणि तुलना झाली ती मास्टरिंग (सीडी काढण्याआधी तयार ध्वनीवर शेवटचा हात फिरवणं) करणाऱ्या इंजिनिअरांची. दोन तंबोरे दोन पट्ट्यांत लावून कुठला गवय्या सुरेल हे ठरवावं, तसं हे आहे.

एकाच अल्बमच्या सीडी निरनिराळ्या काळात निघाल्या आहेत. १९८४-८५ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या पहिल्या सीडी आल्या. त्यांच्यावर प्रक्रिया कमी आणि आवाजाची पातळीही कमी. १९९०-९२ मध्ये रायकोडिस्क (रायको) या कंपनीच्या आल्या, त्यांतल्या बहुतेकांत जादा गाणी जोडलेली. १९९९ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत इंजिनिअर पीटर म्यू यांनी केलेल्या आल्या. २०१५ पासून कालखंडांप्रमाणे मोठे संच निघू लागले. माझ्या कानाला रायकोच्या आवृत्त्या वरच्या पट्टीत जरा तीक्ष्ण लागतात, १९९९ च्या दाबलेल्या आणि मोठ्या. हे मत झालं, तुमचं वेगळं असू शकतं. पण त्या एकमेकींपेक्षा निराळ्या आहेत हे कुणीही ऐकून सांगेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आवाजाची पातळी न जुळवणं. दोन फाइलींत एक-दीड डेसिबलचा फरक असला तरी कान ‘ही मोठी आहे’ असं सांगत नाही, ‘ही चांगली आहे’ असं सांगतो. जुनी सीडी आणि नवं रिमास्टर यांत तर फरक याहून कितीतरी जास्त असू शकतो. परिणामी जे पर्व योगायोगाने मोठ्या आवाजाच्या आवृत्तीत हाती आलं तेच सरस ठरतं, आणि आपण त्यावर लांबलचक सिद्धांत रचत बसतो. अशा पायावर केलेल्या वर्षभराच्या नोंदी शेवटी टाकूनच द्याव्या लागतात.

उपाय अवघड नाही. फाइली असतील तर फूबार २००० सारख्या प्लेअरमध्ये रिप्लेगेन (आवाजाची पातळी मोजून जुळवणारी सोय) स्कॅन करा. त्यात ‘ट्रॅक’ नको, ‘अल्बम’ हा पर्याय निवडा. ट्रॅक निवडलात तर ‘लो’मधलं शांत ‘वॉर्झावा’ आणि त्याच अल्बममधलं दणदणीत गाणं एकाच पातळीला येतात, म्हणजे अल्बमची आतली चढउतार पुसली जाते. स्कॅन केल्यावर सगळं साधारण उणे १८ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) येतं. हाताने जुळवायचं असेल तर मोठी फाइल खाली आणा, लहान वर चढवू नका, नाहीतर शिखरं फाटतात. स्ट्रीमिंगवर पातळी जुळवण्याची सोय बहुधा चालूच असते. काही ॲपमध्ये अख्खा अल्बम क्रमाने लावला तर अल्बमप्रमाणे आणि स्वतःची प्लेलिस्ट लावली तर गाण्याप्रमाणे जुळवणी होते, तेव्हा तुलनेसाठी प्लेलिस्ट करू नका. इक्वलायझर बंद, हेडफोन एकच.

दुसरी गफलत रिमास्टर आणि रिमिक्स एकच समजण्याची. रिमास्टरमध्ये तयार स्टीरिओ मिश्रणावर हात फिरवतात. रिमिक्समध्ये मूळ मल्टिट्रॅक टेपा उघडून ढोल किती, गिटार किती हे पुन्हा ठरवतात. २०१७ च्या संचात ‘लॉजर’ दोनदा आहे: एक १९७९ चा, दुसरा बोवीचे निर्माते टोनी व्हिस्कोन्टी यांनी नव्याने मिसळलेला. नवा ऐकायला छान आहे, पण १९७९ बद्दल काही ठरवायचं तर तो पुरावा नाही. ‘स्टेशन टू स्टेशन’चं २०१० चं आणि ‘झिगी’चं त्याचे सहनिर्माते केन स्कॉट यांनी केलेलं २००३ चं मिश्रण यांनाही हेच लागू. ‘नेव्हर लेट मी डाउन’ची २०१८ ची आवृत्ती तर नवी वाद्यं वाजवून केलेली आहे. १९८७ च्या बोवीवर मत देताना तिला हात लावू नका.

लांबीही तपासा. ‘लेट्स डान्स’ अल्बमवर साडेसात मिनिटांहून मोठं आहे, संकलनांत बहुतेक वेळा चार मिनिटांचं. ‘हीरोज’ सहा मिनिटांचं, सिंगलवर साडेतीनच्या आसपास. जादा गाण्यांच्या तारखाही फसव्या असतात. ‘जॉन, आय एम ओन्ली डान्सिंग (अगेन)’ हे १९७४ च्या सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या) पर्वातलं रेकॉर्डिंग, बाहेर आलं १९७९ मध्ये. प्रकाशनाची तारीख धरलीत तर ते ‘लॉजर’शेजारी जाऊन बसतं आणि सगळं गणित बिघडतं.

आता ‘हीरोज’ या गाण्याबद्दल थोडं जास्त, कारण आवृत्तीचा फरक तिथे सर्वांत जाणवतो. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओच्या मोठ्या हॉलमध्ये व्हिस्कोन्टींनी बोवीसमोर तीन माइक लावले: एक तोंडाजवळ वीतभर अंतरावर, दुसरा सुमारे ६ मीटरवर, तिसरा सुमारे १५ मीटरवर. दूरच्या दोघांवर गेट होते. ठरावीक पातळीपेक्षा आवाज चढला की ते उघडत. म्हणून सुरुवातीला गाणं कानाशी बोलल्यासारखं येतं, आणि बोवी ओरडू लागला की अख्खा हॉल त्याच्यामागे उभा राहतो. रिमास्टर करताना हलकं आणि मोठं यांतलं अंतर दाबून टाकलं, की शेवटच्या कडव्यांचा अर्थच जातो. शिवाय २०१७ च्या संचात याच गाण्यात एका जागी पातळी अचानक खाली पडते. श्रोत्यांनी बराच गलका केल्यावर बदली डिस्क मिळाल्या. जुन्या बाजारात संच घेताना बदललेली डिस्क आत आहे का हे विचारूनच पैसे द्या.

विकत घेण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. रायकोची आवृत्ती मागवली आणि १९९९ ची आली, तर विक्रेत्याचा तक्रार विभाग ‘अल्बमचं नाव तेच आहे, माल सदोष नाही’ असं सांगून मोकळा होऊ शकतो. माझ्या बाबतीत एका दुकानाने तेच केलं. सहा मेल, तीन वेगवेगळे प्रतिनिधी, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं समजावायचं. पोस्टेज आणि सीमाशुल्क मिळून जी रक्कम गेली त्यात दोन आवृत्त्या आल्या असत्या. म्हणून मागणी करण्याआधी मागच्या कव्हरचा आणि डिस्कच्या मधल्या कड्यावरच्या कोरीव क्रमांकाचा फोटो मागा. दुकानाच्या पानावरचं वर्ष बहुधा मूळ अल्बमचं असतं, आवृत्तीचं नसतं.

हे सगळं जुळवल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाकडे या. पातळी सारखी केली तरी ‘झिगी’ ‘लेट्स डान्स’पेक्षा सुकाच लागेल, कारण तो मुद्दाम तसा केलेला आहे. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत केन स्कॉट यांनी ड्रमर वुडी वुडमन्सीचे ड्रम दाबून, खोलीचा घुमारा न घेता रेकॉर्ड केले. त्यामुळे मधली जागा मोकळी राहते आणि तिथे गिटारवादक मिक रॉन्सन येतो: लेस पॉल गिटार, मार्शल ॲम्प्लिफायर, आणि वाह पेडल (पायाने स्वराचा पोत बदलणारं यंत्र) अर्ध्यावर अडकवून काढलेला तो नाकातला स्वर. तंतुवाद्यांची रचनाही रॉन्सनचीच. ‘लेट्स डान्स’ न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओमधला, निर्माता नाइल रॉजर्सचा. तिथे खोलीचा घुमारा हेच ड्रमचं बळ आहे, आणि गिटारीवर स्टीव्ही रे वॉन. बोवीने त्यावर एकही वाद्य वाजवलेलं नाही. एकात तो टोळीचा म्होरक्या आहे, दुसऱ्यात फक्त गायक. ‘कच्चा’ हा शब्द इथे बसत नाही.

माझं ठाम मत: पर्वं पोशाखावरून पाडू नका, ठेका कोण धरतंय त्यावरून पाडा. रॉन्सन, बेसवादक ट्रेव्हर बोल्डर आणि वुडमन्सी हे ग्लॅमचं पर्व, १९७३ ला संपलं. ‘डायमंड डॉग्ज’मध्ये बहुतेक गिटार बोवी स्वतः वाजवतो. लाल केस तसेच राहिले, पण साथीदार बदलले. मग १९७६ च्या ‘स्टेशन टू स्टेशन’पासून १९८० च्या ‘स्केरी मॉन्स्टर्स’पर्यंत पाच अल्बम कार्लोस अलोमार (गिटार), जॉर्ज मरे (बेस) आणि डेनिस डेव्हिस (ड्रम) हीच फळी. ‘लो’, ‘हीरोज’ आणि ‘लॉजर’ यांना लावलं जाणारं ‘बर्लिन त्रयी’ हे लेबल कानांना फारसं काही सांगत नाही. ‘लो’चं बरंचसं काम फ्रान्समध्ये झालं, ‘लॉजर’ माँट्रो आणि न्यूयॉर्कमध्ये, आणि पूर्ण बर्लिनचा असा एक ‘हीरोज’च. ‘लो’ तुम्हाला कोंदट वाटला त्यात काही वाटा आवृत्तीचा, पण काही खरा आहे. व्हिस्कोन्टींनी स्नेअर ड्रमचा आवाज इव्हेंटाइड हार्मोनायझर या पट्टी बदलणाऱ्या यंत्रातून फिरवून त्याची पट्टी प्रत्येक फेरीत खाली पाडली आहे. दर ठोक्यानंतर काहीतरी खाली बसल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. ती चूक नव्हे, तो त्या अल्बमचा चेहरा आहे.

अल्बमविरुद्ध अल्बम लावण्यापेक्षा एकच गाणं दोन पर्वांत ऐका. ‘चायना गर्ल’ आधी बोवीचा मित्र, गायक इगी पॉपच्या ‘द इडियट’ अल्बमवर आलं, मग १९८३ मध्ये ‘लेट्स डान्स’वर. ‘द इडियट’ १९७६ च्या उन्हाळ्यात ‘लो’च्या आधी रेकॉर्ड झाला, पण बाजारात त्याच्यानंतर आला, तेव्हा त्याला ‘लो’च्या आधी ठेवा. ‘स्पेस ऑडिटी’ १९६९ चं आणि १९७९ मध्ये जवळपास सगळा साज काढून पुन्हा केलेलं. आणि ‘हँग ऑन टू युवरसेल्फ’: १९७१ मध्ये आर्नोल्ड कॉर्न्स या बँडच्या नावाने, १९७२ मध्ये ‘झिगी’वर, १९७८ मध्ये ‘स्टेज’ या मैफलीच्या अल्बमवर. या तिसऱ्यात अलोमार-मरे-डेव्हिस फळी झिगीची गाणी वाजवते, तुम्हाला हवी असलेली तुलना तिथे आयती मिळते. ‘स्टेज’ घेताना २००५ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. १९७८ च्या मूळ तबकड्यांवर मैफलीचा क्रम मोडून गाणी अल्बमप्रमाणे लावली होती आणि मध्ये आवाज विरत नेला होता. २००५ मध्ये मूळ क्रम परत आला.