पाकीटसुद्धा जपून ठेव

सप्रेम आशीर्वाद.

पुढच्या सत्रात लॉ स्कूलच्या क्लिनिकला, म्हणजे प्रत्यक्ष काम करून वकिली शिकण्याच्या त्या वर्गाला, अर्ज करायचा म्हणतेस, आणि त्याआधी काय काय वाचून काढू असं विचारलं आहेस. पुस्तकांबद्दल लिहीनच, पण आधी एक प्रसंग सांगते. क्लिनिकच्या तयारीचा विषय निघाला की मला पहिल्यांदा तोच आठवतो.

विद्यार्थी असताना माझ्याकडे आलेली पहिली पक्षकार एक वयस्क बाई होती. भाड्याचं घर सोडायची नोटीस तिला आली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने सगळे कागद टेबलावर ओतले: पावत्या, जुनी बिलं, घड्या पडून फाटायला आलेला करारनामा, नोटीस आणि नोटिशीचं पाकीट. माझ्यासमोर बावीस प्रश्नांचा छापील फॉर्म होता. तिने बोलायला सुरुवात केली, "ते पाकीट ना, उशिरा..." आणि मी म्हटलं, "त्याकडे नंतर येऊ, आधी पूर्ण नाव सांगा." बावीसच्या बावीस प्रश्न मी पूर्ण केले. कागद नीट लावले, पाकीट तेवढं बाजूला ठेवलं. त्यावर वाचण्यासारखं काही नाही असं वाटलं.

नोटिशीवरच्या तारखेपासून दिवस मोजले तर उत्तराची मुदत संपलेली दिसत होती. आता काही करता येणार नाही, हे तिला कसं सांगायचं याचीच मी मनात जुळवाजुळव करत होते. तिसऱ्या भेटीत आमच्या मार्गदर्शक वकिलांनी ते पाकीट उचललं आणि उजेडात धरलं. टपालाचा शिक्का नोटिशीवरच्या तारखेनंतर सोळा दिवसांचा होता. मुदत नोटीस हाती पडल्यापासून मोजायची होती आणि अजून दोन दिवस शिल्लक होते. त्या दोन दिवसांत उत्तर गेलं. पण ती बाई मला हेच पहिल्या मिनिटात सांगत होती आणि मी तिला थांबवलं होतं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मला बरं वाटत नाही.

म्हणून तुझी पहिली तयारी ऐकण्याची. हा काही मोघम उपदेश नाही, याचा सराव करता येतो. ओळखीच्या एखाद्या माणसाला त्याच्या एखाद्या भांडणाबद्दल विचार, घरमालकाशी, कार्यालयाशी, भावाशी, कुठलंही चालेल. वीस मिनिटं मध्ये बोलू नकोस. "मग काय झालं?" एवढाच प्रश्न विचारायची परवानगी. नंतर घरी बसून तारीखवार हकीकत लिही आणि शेजारी तीन रकाने आख: त्याने काय सांगितलं, कागद काय म्हणतो, आणि मी काय गृहीत धरलं. तिसरा रकाना किती भरतो ते पाहून तुला धक्का बसेल. असं चार-पाच माणसांसोबत केलंस की क्लिनिकच्या खोलीत तू नवखी वाटणार नाहीस.

वर्गात खटला तुझ्या हातात येतो तेव्हा घटना आधीच गाळून, वाळवून, निकालाच्या पहिल्या दोन पानांत मांडून ठेवलेल्या असतात. क्लिनिकमध्ये त्या पिशवीतून येतात. 1978 सालचा मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला तू वाचला असशील. एका गवंड्याला जामीन मंजूर झाला होता, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची हमी नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. परीक्षेसाठी तू त्यातलं तत्त्व पाठ केलंस. आता तोच खटला उलट्या बाजूने वाच. हमी द्यायला कोण तयार आहे, तो कुठे राहतो, त्याची जमीन कुठे आहे, हे प्रश्न कुणीतरी त्या माणसाला विचारले असतील तेव्हाच ते कागदावर आले. क्लिनिकमध्ये ते विचारणारी तू असशील.

ही कल्पना तशी जुनी आहे. डॉक्टर रुग्णाजवळ उभा राहून शिकतो, मग वकील फक्त निकाल वाचून का शिकतो, असा सवाल जेरोम फ्रँक या कायदेपंडिताने 1933 साली अमेरिकेत केला होता. तिथे क्लिनिकं खऱ्या अर्थाने वाढली ती 1968 नंतर, फोर्ड फाउंडेशनने त्यासाठी मोठा पैसा उभा केला तेव्हा. आज तिथल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलमधून पदवी घ्यायची तर प्रत्यक्ष अनुभवाच्या अभ्यासक्रमांचे किमान सहा क्रेडिट लागतात. भारतात 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने विद्यापीठं आणि विधी महाविद्यालयांतल्या विधी सेवा क्लिनिकांवर देखरेख ठेवण्याचं काम केंद्रीय प्राधिकरणाकडे दिलं आहे.

हे सांगण्याचं कारण असं की 'क्लिनिक' हा एकच शब्द ठिकठिकाणी वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. कुठे लॉ स्कूलचंच कार्यालय असतं, खरे पक्षकार येतात आणि प्राध्यापकच जबाबदार वकील असतात. कुठे तुला बाहेरच्या कार्यालयात पाठवतात आणि तिथला वकील तुला काम देतो. कुठे सगळंच नकली असतं, मूट कोर्टासारखं, म्हणजे सरावासाठी रचलेल्या खटल्यासारखं. तिसऱ्या प्रकारालाही मी कमी लेखत नाही, उलटतपासणीचा हात तिथे बसतो. पण अर्ज करण्याआधी आपण कशासाठी अर्ज करतोय हे नक्की माहीत करून घे. विद्यार्थ्याला किती मुभा आहे हेही विचार. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ठरावीक शिक्षण पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला, वकिलाच्या देखरेखीखाली आणि पक्षकाराच्या संमतीने, न्यायालयात उभं राहता येतं. भारतात 1961 च्या अधिवक्ता कायद्यानुसार वकिली करण्याचा हक्क नोंदणी झालेल्या वकिलालाच आहे, म्हणून तिथे विद्यार्थ्याचं काम मुलाखत, सल्ल्याची तयारी, मसुदे, तुरुंगातल्या भेटी, अर्ज भरून देणं असं असतं. त्यात कमीपणा मानू नकोस. माझी ती मुदत न्यायालयात भाषण करून वाचली नाही.

कोणतं क्लिनिक निवडू, असंही विचारलंस. तू विषयाकडे बघते आहेस: कौटुंबिक, निर्वासित, पर्यावरण, चुकीच्या शिक्षा. शेवटच्याचं आकर्षण मी समजू शकते. 1992 साली न्यूयॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी इनोसन्स प्रोजेक्ट सुरू केला आणि डीएनए चाचणीच्या आधारे निरपराध माणसं तुरुंगातून बाहेर आली, त्यात विद्यार्थ्यांनी काम केलं आहे. पण माझा सल्ला स्पष्ट आहे: विषय बघून नको, शिकवणारा माणूस बघून निवड. मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना गाठ आणि विचार, तुमचा मसुदा किती वेळा परत आला? त्यावर काय लिहून आलं? एका वेळी किती प्रकरणं होती? जिथे एकच पत्र पाच वेळा खाडाखोड होऊन परत येतं, तिथे जा. तिथे विषय रुक्ष असला तरी चालेल.

वेळेचं गणित आत्ताच मांड. त्या सत्रात जड विषय कमी घे, दुसरी इंटर्नशिप घेऊ नकोस. तारखा तुझी परीक्षा बघून पडत नाहीत, आणि पक्षकार अडचणीत असतो तेव्हा त्याला तुझं वेळापत्रक माहीत नसतं. पुरावा कायदा, प्रक्रिया आणि व्यावसायिक नीती हे विषय आधी झाले असतील तर उत्तम. नसतील तर किमान पुराव्याचा भाग वाचून जा. पुस्तकांबद्दल एवढंच पुरे.

गुप्ततेबद्दल मात्र ठासून सांगते. पक्षकाराचं नाव घरी नाही, मैत्रिणीला नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नाहीच. नाव गाळून 'आज एक केस आली' असंही नाही, माणसं खुणेवरून ओळखतात. आणि आजवर जिथे जिथे काम केलंस त्या सगळ्या कार्यालयांची, वकिलांची यादी कर, उन्हाळ्यातल्या पंधरा दिवसांच्या इंटर्नशिपसकट. समोरच्या बाजूसाठी तू कधी एखादी फाइल हाताळली असशील तर ते क्लिनिकला आधी कळलं पाहिजे. हितसंबंधांचा असा संघर्ष नंतर उघड झाला की त्याची किंमत पक्षकार मोजतो.

अर्जातल्या निवेदनात 'मला गोरगरिबांची सेवा करायची आहे' असं लिहू नकोस. ते खरं असेल, मला ठाऊक आहे ते खरं आहे, पण तो कागद वाचणाऱ्याला त्यातून तुझ्याबद्दल काही कळत नाही. दुसऱ्या कुणाचं काम तू स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडलंस असा एक प्रसंग लिही. आजोबांच्या पेन्शनसाठी तू सात खेपा घातल्यास, ते लिही. कुणी कोणता कागद मागितला, कुठे अडलं, तू काय केलंस, ते लिही. तुला येणाऱ्या सगळ्या भाषा लिही, बोलीसकट. पक्षकाराची भाषा येणारा विद्यार्थी कोणत्याही क्लिनिकला हवा असतो. आणि दुभाषा घेऊन काम करावं लागलं तर बोलताना नजर पक्षकाराकडे ठेव. त्याच्या लहान मुलाला दुभाषा करू नकोस. आईला मारहाण कशी झाली हे मुलाच्या तोंडून वदवून घ्यायचं नसतं.

अजून एक, आणि हे सर्वांत अवघड आहे. तुला लढावंसं वाटेल तिथे तुझी पक्षकार तडजोड करील. तुझी तयारी झालेली असेल, कायदा तिच्या बाजूने असेल, आणि ती म्हणेल, मला हे संपवायचंय, मला झोप हवी आहे. परिणाम काय होतील ते तिला नीट समजावून सांगायचं, घाई न करता, दोनदा. त्यानंतर निर्णय तिचा. खटला तिच्या आयुष्याचा आहे. मला हे स्वीकारायला बरीच वर्षं लागली आणि त्या काळात मी एक-दोघांना नको तितकं पुढे ढकललं.

सत्र संपेल तेव्हा प्रकरण संपलेलं नसेल. पहिल्या दिवसापासून फाइल अशी ठेव की तुझ्यानंतर येणारा विद्यार्थी तुला फोन न करता पुढचं पाऊल उचलू शकेल. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, काय बोलणं झालं, पुढची मुदत कोणती. आणि पाकिटं फेकू नकोस, नोटिशीच्या मागे टाचून ठेव.

निवेदनाचा पहिला मसुदा रविवारपर्यंत पाठव, त्या इंटर्नशिपांच्या यादीसह. खाडाखोड करून परत करीन, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी,
ताई