उपवासाला साबुदाणा चालतो, मग हळद का नाही? ‘का’च्या आधी ‘केव्हापासून’ विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: श्रावणी सोमवारी उपवासाच्या बटाट्याच्या भाजीत तुम्ही हळद घातली आणि घरात नाराजी झाली. कारण विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘शास्त्रात तसं आहे.’ दिरांनी व्हॉट्सॲपवरचं एक ‘वैज्ञानिक कारण’ पाठवलं. अशा समजुतींचं खरं मूळ शोधायचं कसं, आणि ते कळल्यावर प्रथा पाळायची की सोडायची?

आधी शोधण्याबद्दल. ‘का’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. ‘का’चं उत्तर कोणीही बसल्या जागी रचू शकतं आणि ते खोटं ठरवता येत नाही. ‘केव्हापासून’ आणि ‘कुठे कुठे’ या दोन प्रश्नांना मात्र पुरावा लागतो, आणि तो मिळाला की निम्मी ‘कारणं’ आपोआप गळून पडतात.

तुमच्या ताटापासूनच सुरुवात करू. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. मिरची आणि रताळं अमेरिका खंडातलंच. राजगिऱ्याच्या ज्या जाती दाण्यासाठी पिकवतात त्याही तिथल्याच. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० साली. त्यांच्या जहाजांमुळे ही पिकं आपल्याकडे आली आणि बटाट्याला तर घरोघरी रुळायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. त्या काळच्या एकादशीला पंढरपुरात शेंगदाण्याचं कूट घातलेली हिरव्या मिरचीची खिचडी असणं शक्यच नव्हतं. वरी होती, दूध-दही होतं, फळं होती, सुरणासारखे इथलेच कंद होते.

साबुदाण्याची कथा तर आणखी अलीकडची आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातल्या गरापासून करतात आणि तो मलायाकडून आपल्याकडे येत असे. आज आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदाच्या स्टार्चचा. हा कंदही दक्षिण अमेरिकेतला. केरळात त्याच्या लागवडीला त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी उत्तेजन दिलं, त्यांची कारकीर्द १८८० ते १८८५. दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२ साली मलाया आणि सिंगापूर घेतलं, तिकडून येणारा माल बंद झाला आणि तमिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आजही आपल्या बाजारातल्या साबुदाण्याचा मोठा वाटा सेलमचा आहे. म्हणजे ‘पूर्वापार’ चालत आलेल्या आपल्या खिचडीतला हा दाणा, आजच्या रूपात, जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा.

आता हळद. ती इथलीच, फार जुन्या काळापासून ओळखीची, पूजेत पहिल्या मानाची. ती वर्ज्य आणि सातासमुद्रापलीकडून आलेली मिरची ग्राह्य! हे पाहिल्यावर ‘उपवासाला शुद्ध, सात्त्विक, आपल्या मातीतलंच चालतं’ हे कारण टिकत नाही. ‘पचायला हलकं म्हणून’ हेही टिकत नाही. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि वर तूप हे जेवण हलकं कोणत्याही वैद्याने म्हणू नये.

मग ‘शास्त्रात आहे’ याचं काय? हे तपासता येतं. आपल्याकडे व्रतांच्या निर्णयासाठी जे ग्रंथ उघडले जात, त्यांत कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू १६१२ चा आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू १७९० च्या सुमाराचा. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा जो मोठा इतिहास लिहिला, त्यातला व्रतांचा भाग वाचला तरी डोळे उघडतात. व्रतात चालणाऱ्या हविष्यान्नाच्या जुन्या यादीत तांदूळ, जव, मूग आणि तीळ आहेत. आज आपण सोमवारी भात किंवा मूग खाल्ले तर उपवास मोडला म्हणतो. एकादशीला धान्य वर्ज्य हा वेगळा, कडक नियम. तो आपण बाकीच्या उपवासांनाही लावला असावा. धान्य नको म्हटल्यावर कंद, मुळं आणि फळं उरली. नवे कंद बाजारात आले तेव्हा जुन्या यादीत त्यांचं नावच नव्हतं, त्यामुळे त्यांना कोणी अडवलंही नाही. हा माझा अंदाज आहे, पण तो वस्तूंच्या वयाशी जुळतो, आणि मी तेवढीच अट घालते.

ऋषिपंचमी बघा. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, हा नियम स्पष्ट आणि जुन्या वळणाचा आहे. तरी ऋषीच्या भाजीत अळू, सुरण, अंबाडीच्या जोडीला मक्याचं कणीस आणि लाल भोपळा असतो, आणि हे दोघेही अमेरिकेतले. नियम तसाच राहिला, पण भाज्या बदलत गेल्या. परंपरा जिवंत असते म्हणजे काय, ते मला या एका भाजीत दिसतं.

दुसरा प्रश्न, ‘कुठे कुठे’. तुमच्या शेजाऱ्यांकडे, मैत्रिणींकडे, वेगळ्या जातीच्या आणि वेगळ्या जिल्ह्यातल्या घरांत विचारा. कोथिंबीर कुणाकडे चालते, कुणाकडे नाही. जिऱ्याचंही तसंच. भेंडी काही घरांत बिनधास्त, काही घरांत वर्ज्य. कर्नाटकात आणि तमिळनाडूत कित्येक घरांत उपासाच्या दिवशी फक्त भात टाळतात आणि उप्पीट किंवा पोहे खातात. एका शास्त्राचा एकच नियम असता तर दर शंभर मैलांवर तो असा बदलला नसता. नियम इतका बदलतो तेव्हा तो कुळाचार असतो, आणि कुळाचार माणसांनीच ठरवलेला असतो. त्याला ‘आमच्याकडे असं करतात’ म्हणण्यात काहीच कमीपणा नाही. उलट तेच प्रामाणिक उत्तर आहे.

दिरांनी पाठवलेल्या मजकुराबद्दल मात्र मला ठामपणे बोलायचं आहे. तुम्ही तो पूर्ण दिलात ते बरं केलंत. त्यात हळदीच्या जोडीला उत्तरेकडे डोकं करून झोपू नये याचंही ‘विज्ञान’ आहे: पृथ्वीचं चुंबकत्व रक्तातलं लोह मेंदूकडे ओढतं म्हणे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. एमआरआयचं नेहमीचं यंत्र दीड टेस्लाचं, म्हणजे त्याच्या सुमारे तीस हजार पट. त्यात माणूस अर्धा तास पडून राहतो आणि त्याचं रक्त कुठेही ओढलं जात नाही, कारण हिमोग्लोबिनमधलं लोह हे खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. या समजुतीचं आपल्या घरांत सांगितलं जाणारं कारण साधं आहे: दक्षिण ही यमाची दिशा, प्रेताचे पाय तिकडे करतात, म्हणून जिवंत माणसाने तसं झोपू नये. हे कारण श्रद्धेचं आहे आणि ते तसंच सांगावं. त्याला विज्ञानाचा अंगरखा चढवला की दोन्हींचा अपमान होतो. पूर्वजांना जे वाटत होतं ते पुसलं जातं आणि मुलांना खोटं विज्ञान शिकवलं जातं.

काही कारणं पटण्याजोगी असतात, तिथे जास्त सावध राहा. तिन्हीसांजेला केर काढू नये, रात्री नखं कापू नयेत, कारण तेव्हा उजेड नसे, हे ऐकताक्षणी पटतं. खरंही असेल. पण पटणं हा पुरावा नव्हे.

लिंबू-मिरचीचंही तसंच. दारावर टांगायची ही जोडी अनादि काळापासून आहे असं कोणी म्हणालं तर मिरची केव्हा आली ते आठवा. सार्वजनिक गणेशोत्सव आपल्याला किती जुना वाटतो! त्याची सुरुवात १८९२-९३ ची, पुण्यातली. घरचा गणपती मात्र त्याहून कितीतरी जुना.

जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) चाळा. एखाद्या पदार्थाची किंवा विधीची नोंद तिथे कशी आहे यावरून बरंच कळतं. घरात जुन्या खर्चाच्या वह्या असतील तर त्या सोन्याहून मोलाच्या. लग्नाच्या यादीत काय आणलं ते वाचा. आठवणीपेक्षा यादी जास्त खरी असते.

आता पाळायचं की सोडायचं? मूळ अलीकडचं निघालं म्हणून प्रथा टाकाऊ होत नाही, आणि जुनं निघालं म्हणून ती चांगली ठरत नाही. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतपरंपरेत शोधलं, त्याने वारी कमी झाली नाही. तुमच्या घरच्या बिनहळदीच्या भाजीने कोणाचं नुकसान होत नाही. सासूबाईंना त्यात समाधान असेल तर त्या दिवशी हळद नका घालू, त्यात तुमचं काही हरत नाही.

जिथे कोणाला तरी खाली बसवलं जातं, तिथे मात्र मी मूळ शोधत वेळ घालवणार नाही. विधवेचं केशवपन शास्त्रात आहे की नाही यावर विद्वान वाद घालत होते, तेव्हा १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं ठरवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्यांनी आधी पोथी उघडली नाही. पाळीत बाजूला बसवणं, हळदीकुंकवाला विधवेला न बोलावणं, या गोष्टींना चार हजार वर्षांचा पुरावा कोणी आणून दिला तरी माझं उत्तर बदलणार नाही. तुमच्या घरात यातलं काही असेल तर बोलण्याची ताकद तिथे खर्च करा, हळदीवर नको.

सासूबाईंशी बोलताना ‘हे चुकीचं आहे’ ने सुरुवात करू नका. त्यांच्या माहेरी उपवासाला काय काय चालायचं ते विचारा. लग्न होऊन या घरात आल्यावर त्यांना काय नव्याने शिकावं लागलं तेही विचारा, कारण त्याही कधीतरी तुमच्याच जागी होत्या. त्यांच्या आईच्या वेळी साबुदाणा किती वेळा घरात यायचा, आणि तो नसेल तेव्हा काय शिजायचं? बहुतेक वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. ती पाककृती मिळाली तर इथे नक्की लिहा, आणि त्यात आंबटपणासाठी आमसूल होतं की चिंच, तेही सांगा. त्यावरून त्यांचं माहेर घाटावरचं की कोकणातलं याचा अंदाज बांधता येईल.