हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यायचाय, वजन कमी बघू की ग्रिप?

ग्रिप बघा, वजन नंतर. निन्टेन्डो कंपनीचा छोटा कन्सोल स्विच लाइट साधारण २७५ ग्रॅम आणि व्हॉल्व्ह कंपनीचा पहिला स्टीम डेक ६६९ ग्रॅम, म्हणजे दुपटीच्या वर, तरी मोठ्या हाताच्या बऱ्याच लोकांना डेकच बरा वाटतो कारण त्याच्या दोन्ही बाजू मागून फुगीर आहेत, तळहात भरून बसतो, बोटांनी चिमटीत धरल्यासारखं होत नाही. चपट्या कन्सोलला करंगळीला जागाच नसते, ती बिचारी खालच्या कडेला टेकू देत बसते. माझा जुना चपटाच होता (कंपनीचं नाव राहू दे), तासाभरात करंगळी बधिर, आई म्हणायची एवढ्या वेळात कडक भाकऱ्या थापल्या असत्या तर निदान खायला तरी झाल्या असत्या.

उजवी स्टिक (अंगठ्यानं फिरवायची छोटी दांडी) कुठंय तेही बघा. स्विच लाइटमध्ये ती बटणांच्या खाली, अंगठा आत दुमडावा लागतो, डेकमध्ये बटणांच्या शेजारी.

आणि आपल्या सोलापुरात एप्रिल-मेत पारा चाळिशीच्या पुढं, हाताला घाम सुटतो, गुळगुळीत प्लास्टिक सटकतं, त्यामुळं खरबरीत सिलिकॉन कव्हर घ्याच. डेकची गरम हवा वरच्या कडेतून निघते, तिथं पांघरूण येऊ देऊ नका. मी सोलापुरी चादरीची घडी मांडीवर ठेवून त्यावर कोपरं टेकवतो, सगळं वजन मनगटावर येत नाही.

दहा-बारा वर्षांच्या पोरासाठी घेताय तर मात्र लाइटच घ्या, छोट्या हाताला तो बरोबर बसतो.