फाल्गुनराव ‘प्रभावित’ की ‘बेतलेला’?

प्रश्न असा आला आहे : गावच्या जत्रेला आम्ही गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ हे नाटक बसवतो आहोत. पडदा उघडण्यापूर्वीच्या निवेदनात ‘फाल्गुनराव हे पात्र मोलिएरच्या स्गानारेलवरून प्रभावित आहे’ असे लिहिले होते. (मोलिएर हा फ्रेंच नाटककार, स्गानारेल हा त्याच्या प्रहसनातला संशयी नवरा.) तालमीत एकाने ‘प्रभावित’ खोडले आणि ‘सरळ ढापलेले म्हणा’ असे सुचवले. बरोबर शब्द कोणता?

माझ्या मते दोन्ही नकोत.

मराठीत प्रभावित होतो तो माणूस, कुणाच्या गाण्याने, कुणाच्या वक्तृत्वाने. पात्र लिहिले जाण्याआधी त्याला मन कुठले? प्रभाव पडला असेल तर तो देवलांवर. शिवाय ‘वरून’ जुळते ते सुचण्याशी, घेण्याशी. ‘वरून प्रभावित’ ही जोडणी कानाला खटकते. आणि ‘ढापणे’ म्हणजे मालकाच्या नकळत जसेच्या तसे उचलणे. देवलांनी काय केले ते पाहिले की हा शब्द त्यांच्यावर अन्याय करतो.

मोलिएरचा स्गानारेल १६६० चा. त्या नाटकाच्या आधाराने आयरिश नाटककार आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक लिहिले, आणि त्या इंग्रजी नाटकावरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. तेच पुढे पदांसह १९१६ मध्ये ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आले. बायकोच्या हाती परक्या पुरुषाची तसबीर पाहून नवऱ्याचे डोके फिरते, हा धागा तिन्ही नाटकांत आहे. पण आता नावे पाहा. फाल्गुनराव, आश्विनशेठ, भादव्या हे महिने. कृत्तिका, रेवती, मघा ही नक्षत्रे. सगळे पंचांगच रंगमंचावर उभे आहे. आणि रेवती नायकिणीची मुलगी. मर्फीच्या नायिकेपुढे नसलेला प्रश्न तिच्यापुढे आहे : माझ्यासारखीशी लग्न करायला हा माणूस खरोखर तयार होईल का? गोव्यात बसून ‘संशयकल्लोळ’ पाहताना मला तरी रेवतीचा हा भाग फाल्गुनरावाच्या धांदलीपेक्षा जास्त लागतो. तो पॅरिसहून आलेला नाही.

म्हणून शब्द ‘बेतलेला’. शिंपी कापड बेततो म्हणजे अंगाचे माप घेऊन कापतो. कापड कुठल्याही बाजारातले असो, माप समोरच्या माणसाचे. ‘स्गानारेलवर बेतलेला फाल्गुनराव’ म्हटले की मूळही सांगितले जाते आणि देवलांची कात्रीही दिसते.

मात्र दोन पात्रे सारखी दिसली की लगेच ‘बेतलेले’ म्हणू नये. देवलांचेच उदाहरण घ्या. त्यांचा १८९० चा झुंझारराव शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवर बेतलेला. तिथे रुमाल, इथे तसबीर. दोन्हीकडे एका वस्तूने नवऱ्याच्या संशयाला पुरावा मिळतो. एक शोकांत, दुसरा प्रहसनातला. मराठीत दोघे एकाच लेखणीतून उतरले, पण दोघांची मुळे वेगळी. नुसत्या साम्यावरून मोलिएरने शेक्सपिअर वाचला होता असे ठरवता येत नाही. याउलट शेरलॉक होम्स. १८८७ च्या त्याच्या पहिल्याच कथेत वॉटसन त्याची तुलना एडगर अ‍ॅलन पोच्या द्युपँ या गुप्तहेराशी करतो आणि होम्स द्युपँला कमी लेखतो. पोची द्युपँवरची पहिली कथा १८४१ ची. इथे लेखकाने द्युपँ वाचला होता याची साक्ष कथेतच आहे. ‘प्रभाव’ हा शब्द अशा साक्षीनंतर वापरावा, तोवर ‘साम्य’ पुरे.

या साम्याला आपल्याकडे एक फार सुंदर जुना शब्द आहे : संवाद. नवव्या शतकातला काश्मीरचा आनंदवर्धन ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथाच्या चौथ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, म्हणतो, ‘संवादो ह्यन्यसादृश्यम्’. संवाद म्हणजे दुसऱ्याशी असलेले सादृश्य. ते तीन तऱ्हांचे : आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन जिवंत माणसांसारखे. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नाही, चित्रातला तुच्छ; हे दोन्ही टाळावेत. तिसरे मात्र कवीने टाकू नये, कारण तिथे शरीर सारखे असले तरी जीव वेगळा असतो. या तिसऱ्याला त्याने ‘तुल्यदेही’ म्हटले आहे. हजार वर्षांपूर्वी इतका नेमका विचार झाला होता हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर होतो.

आज संवाद म्हणजे आपल्याला बोलणे एवढेच आठवते. तरी जुना अर्थ पुरता गेलेला नाही. ‘विसंवाद’ म्हणजे न जुळणे, तो त्यातलाच. आणि वादी-संवादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर आणि त्याच्याशी जुळणारा स्वर, हे तर गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको. यमन रागात गंधार वादी, निषाद संवादी, हे भजनाला पेटी धरणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. निषाद गंधाराची नक्कल करत नाही, त्याच्याशी जुळतो.

तेव्हा तुमच्या निवेदनासाठी माझे वाक्य असे : ‘मोलिएरच्या स्गानारेलवर, मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या वाटेने, देवलांनी बेतलेला हा फाल्गुनराव.’ मर्फीचे नाव वेळेअभावी गाळू नका, देवलांच्या हाती कापड आले ते त्याच्याकडून.